एक दशांश सेकंद

सोमवार, २५ फेब्रुवारी १९९१. सौदी अरेबियातल्या धाहरानलगत अल-खोबर येथे एका गोदामाची बराक करून अमेरिकी सैनिकांना उतरवले होते. रात्री ८ वाजून ४० मिनिटांनी इराकचे स्कड क्षेपणास्त्र त्या बराकीवर कोसळले. २८ जण ठार झाले, त्यांत ३ महिला होत्या. जखमी शंभराच्या आसपास. आखाती युद्धात एका हल्ल्यात अमेरिकी फौजेची एवढी हानी दुसरीकडे कुठेही झाली नाही. आपल्या बीडमध्ये तेव्हा रात्रीचे ११ वाजून १० मिनिटे झाली होती.

धाहरानच्या हवाई तळाच्या रक्षणासाठी, येणारी क्षेपणास्त्रे हवेतच पाडणाऱ्या पॅट्रियट क्षेपणास्त्रांची ‘अल्फा’ बॅटरी, म्हणजे तुकडी, तैनात होती. ती चालू होती. तिने एकही क्षेपणास्त्र सोडले नाही, कारण तिच्या संगणकाच्या हिशेबाने त्या क्षणी आकाशात सोडण्यासारखे काही नव्हते.

अमेरिकी काँग्रेससाठी लेखापरीक्षण करणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने याची चौकशी केली. बॅटरी सलग १०० तासांहून अधिक काळ सुरू होती, असे त्या कार्यालयाचा अहवाल सांगतो. पुढच्या नोंदींतले तास, हल्ल्याच्या क्षणी नेमके १०० तास झाले असे धरून, मागे मोजले आहेत. बॅटरी त्याच्या थोडी आधी सुरू झाली असेल, तर चूक इथे दिलेल्या आकड्यांहून मोठीच असणार. वेळा धाहरानच्या आहेत. बीडची वेळ अडीच तास पुढे.

सोमवार, ११ फेब्रुवारी
१४ दिवस बाकी

इस्रायलकडून अमेरिकी लष्कराच्या पॅट्रियट प्रकल्प कार्यालयाला माहिती येते. बॅटरी सलग ८ तास चालवली, की रडारचा ‘रेंज गेट’ २० टक्के सरकतो.

रेंज गेट म्हणजे काय, ते इथेच सांगतो. रडार आधी सगळे आकाश चाळते. काही दिसले, की त्या वस्तूचा वेग आणि ती शेवटची दिसली ती वेळ यांवरून संगणक हिशेब करतो, की पुढच्या क्षणी ती अमुक ठिकाणी असायला हवी. मग रडार आकाशाचा तेवढाच तुकडा तपासते आणि बाकीचे सोडून देते. त्या तुकड्यात वस्तू सापडली, तर ते क्षेपणास्त्र आहे हे पक्के होते. नाही सापडली, तर पहिली खूण फसवी होती असे मानून संगणक ती टाकून देतो.

गेट २० टक्के सरकला म्हणजे लक्ष्य मधोमध न दिसता एका बाजूला दिसू लागले. ५० टक्के सरकला, की ते कडेवर येते आणि हरवते.

इस्रायलींना हे कळले, कारण त्यांनी बॅटरीला नोंदयंत्र जोडले होते. पॅट्रियटमध्ये स्वतःची नोंदयंत्रणा नव्हती. ती बाहेरून जोडावी लागे. नोंदयंत्रामुळे यंत्रणा अचानक बंद पडेल, या भीतीने अमेरिकी अधिकाऱ्यांनी आपल्या बॅटऱ्यांना ते जोडू दिले नाही. युद्धाच्या धामधुमीत ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण त्यामुळे धाहरानची बॅटरी आपले लक्ष्य गेटमध्ये कुठे पाहते आहे, हे कोणालाच दिसत नव्हते.

माहिती हाती आल्यावर प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली: आपले लोक बॅटरी सलग ८ तास चालवत नसावेत. विचारून खात्री केली नाही.

या गृहीतकाला जुना आधार होता. पॅट्रियटची आखणी युरोपसाठी झाली होती. सोव्हिएत विमाने पाडायची, ध्वनीच्या दुप्पट वेगापर्यंतची. शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून बॅटरी काही तास एका जागी थांबायची, मग हलायची. हलली की बंद होणार, सुरू केली की घड्याळ शून्यावरून चालणार. सौदीच्या वाळवंटात तिला एकाच हवाई तळाशी बांधून ठेवले होते आणि समोरून येणारे स्कड ध्वनीच्या पाचपट वेगाने, म्हणजे सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगाने येत होते.

शनिवार, १६ फेब्रुवारी
९ दिवस बाकी

दुरुस्त सॉफ्टवेअर तयार होते. वेळेच्या हिशेबातली चूक भरून काढणारा बदल त्यात आहे. आता ते सौदी अरेबियातल्या प्रत्येक बॅटरीपर्यंत पोहोचवायचे. युद्धात विमानातली जागा आणि पुढची वाहने मिळवण्यात दिवस जातात.

मंगळवार, १९ फेब्रुवारी
६ दिवस बाकी

पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ग्रीन्सबर्ग गावची १४वी क्वार्टरमास्टर डिटॅचमेंट सौदी अरेबियात उतरते. राखीव दलातली ६९ माणसे. पाणी शुद्ध करणे हे त्यांचे काम. १५ जानेवारीला त्यांना बोलावणे आले होते, मग महिनाभर प्रशिक्षण झाले. राहण्याची सोय गोदामाच्या बराकीत.

सौदीचा हा पूर्व किनारा मराठी घरांनाही परका नाही. आदल्या वर्षी कुवेतवर इराकचा ताबा आल्यावर एअर इंडियाने अम्मानहून एक लाखाहून अधिक भारतीयांना मुंबईत आणले. धाहरान-दम्मामच्या पट्ट्यात कामाला असलेले हजारो भारतीय मात्र तिथेच होते.

गुरुवार, २१ फेब्रुवारी
४ दिवस बाकी

प्रकल्प कार्यालय सर्व बॅटऱ्यांना संदेश पाठवते. ‘फार जास्त वेळ’ यंत्रणा चालवली तर रेंज गेट सरकू शकतो आणि लक्ष्य बाजूला दिसू शकते. सुधारित सॉफ्टवेअर येत आहे.

फार जास्त वेळ म्हणजे किती, ते संदेशात लिहिलेले नाही.

लिहिता आले असते. ८ तासांत २० टक्के सरकतो, तर ५० टक्के सरकायला किती तास? हे पाचवीच्या पुस्तकातले त्रैराशिक आहे. उत्तर २०. हे दोन्ही आकडे कार्यालयाकडे ११ तारखेपासून होते. लक्ष्य हरवण्याइतका वेळ कोणी बॅटरी सलग चालवणारच नाही, असे अधिकाऱ्यांनी धरले आणि अधिक तपशील देण्याची गरज त्यांना वाटली नाही. या सगळ्या घटनाक्रमात मला सर्वांत जड वाटते ती ही नोंद. चूक सापडली होती, दुरुस्ती वाटेत होती, इशाराही गेला होता. त्यात एक आकडा तेवढा नव्हता.

तास ०
गुरुवार, २१ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

अल्फा बॅटरीचे घड्याळ शून्यावर आहे.

हे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाने पुढे सरकते. दर टिकेला एक पूर्णांक वाढतो: ३२, ३३, ३४. इथपर्यंत चूक शून्य. पूर्णांक मोजण्यात संगणक चुकत नाही. पण क्षेपणास्त्र कुठे असेल हे काढायला सेकंद लागतात, म्हणून हा पूर्णांक ०.१ ने गुणायचा.

अडचण त्या ०.१ मध्ये आहे. संगणकाचे अपूर्णांक जुन्या रुपयासारखे असतात. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे होते आणि आण्याचे ४ पैसे. अर्धा, पाव, आठवा हिस्सा, आणा, पैसा: प्रत्येक भाग आधीच्याचे अर्धे किंवा पाव करत मिळतो. संगणकही असाच निम्मे-निम्मे करत जातो, त्यामुळे अधेली, पावली आणि आणा तो तंतोतंत लिहितो. त्या रुपयाचा दहावा भाग काढायला बसा. ६४ पैशांचा दहावा भाग ६.४ पैसे, म्हणजे एक आणा, दोन पैसे, आणि वर पैशाचा एक तुकडा. तो तुकडा निम्म्याने कितीही चिरत गेलात तरी हिशेब मिटत नाही. कुठे तरी थांबून उरलेले सोडावे लागते.

पॅट्रियटचा संगणक १९७० च्या दशकातल्या आखणीचा. त्यात एका संख्येला २४ बिट्स, म्हणजे २४ घरे. चोविसाव्या घरानंतरचे कापले गेले. ०.१ सेकंदामागे जे कापले गेले ते सुमारे ०.०००००००९५ सेकंद. सेकंदाच्या एक कोटीव्या भागापेक्षाही कमी.

आज अंबाजोगाईत किंवा बीडमध्ये प्रोग्रॅमिंग शिकणारा कोणीही हे दोन मिनिटांत पाहू शकतो. पायथनला विचारा, ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ च्या बरोबर आहे का. उत्तर येते: नाही. बेरीज छापून पाहिली तर ०.३०००००००००००००००४ दिसते. ०.१ दहा वेळा मिळवला तर १ येत नाही, १ पेक्षा किंचित कमी येतो. संगणक बिघडलेला नाही. आपण लिहिलेला ०.१ त्याला मिळालेलाच नाही, त्याच्या अगदी जवळची दुसरी संख्या मिळाली आहे.

तास १
गुरुवार, सायंकाळी ५:४०

घड्याळाच्या ३६,००० टिका झाल्या. प्रत्यक्षात ३,६०० सेकंद गेले. संगणकाच्या मते ३,५९९.९९६६. फरक ०.००३४ सेकंद. रेंज गेट सुमारे ७ मीटर सरकला आहे.

तास ८
शुक्रवार, २२ फेब्रुवारी, मध्यरात्रीनंतर १२:४०

फरक ०.०२७५ सेकंद. गेट ५५ मीटर सरकला.

इस्रायलने कळवलेले ते २० टक्के याच ठिकाणी येतात. बॅटरी अजून काम करू शकते. ती यापुढे चालवली जाणार नाही, असे कार्यालयाने धरले होते. ती चालू आहे.

तास २०
शुक्रवार, दुपारी १२:४०

फरक ०.०६८७ सेकंद. गेट १३७ मीटर सरकला.

लक्ष्य आता गेटच्या कडेवर आहे. इथून पुढे स्कड आला तर रडारला तो पहिल्या झटक्यात दिसेल आणि दुसऱ्या झटक्यात सापडणार नाही. बॅटरीच्या पडद्यावर याची कोणतीही खूण नाही. दिवे लागलेले, रडार चालू, तपासणीत सगळे ठीक.

अजून ८० तास जायचे आहेत.

तास ४८
शनिवार, २३ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

फरक ०.१६४८ सेकंद. गेट ३३० मीटर सरकला.

आकडे कापत गेले की काय होते, याचा छापून आलेला धडा जगाकडे आधीपासून होता. जानेवारी १९८२ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचा नवा निर्देशांक १,००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि तिसऱ्या दशांश स्थळापुढचे आकडे कापून टाकले जात. कापणे नेहमी एकाच बाजूला, खाली. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४ वर आला होता. हिशेब पुन्हा केला, तेव्हा खरा आकडा १,०९८ च्या पुढे निघाला. बाजार पडलेलाच नव्हता. तिथे पैशाचा आकडा चुकला आणि सोमवारी तो सुधारून छापला. धाहरानला असा सोमवार मिळणार नव्हता.

तास ५९
रविवार, २४ फेब्रुवारी, पहाटे ४:००

जमिनीवरचे युद्ध सुरू होते. कुवेत आणि इराकच्या दिशेने फौजा निघाल्या आहेत. यापुढे कोणतीही हवाई संरक्षण बॅटरी कारण नसताना मिनिटभरही बंद ठेवायला कोणी तयार होणार नाही.

तास ७२
रविवार, दुपारी ४:४०

फरक ०.२४७२ सेकंद. गेट ४९४ मीटर सरकला.

सुधारित सॉफ्टवेअर तयार होऊन आठ दिवस झाले. ते अजून वाटेत आहे.

तास ९६
सोमवार, २५ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

३४ लाख ५६ हजार टिका. फरक सेकंदाच्या एक तृतीयांशाजवळ.

१४व्या डिटॅचमेंटला सौदीत येऊन सहा दिवस झाले.

तास ९९
सोमवार, सायंकाळी ७:४०

बॅटरी बंद करून पुन्हा सुरू करायला ६० ते ९० सेकंद लागतात. सुरू होताच घड्याळ शून्यावर येते, साचलेला फरक पुसला जातो आणि पुढचे काही तास यंत्रणा बिनचूक चालते. नवे सॉफ्टवेअर लागत नाही, तंत्रज्ञ लागत नाही, वरिष्ठांची परवानगीही कदाचित लागली नसती. गेल्या ९९ तासांत कधीही हे करता आले असते. दर काही तासांनी करा, एवढी एक ओळ २१ तारखेच्या संदेशात असती, तर बॅटरीवरच्या माणसांनी ते केले असते असे मानायला पूर्ण जागा आहे. ती माणसे हलगर्जी नव्हती. त्यांना सांगितलेच गेले नव्हते, की आपल्याकडचा काळ कोणत्या तासाला संपतो.

तास १००
सोमवार, २५ फेब्रुवारी, रात्री ८:४०

३६ लाख टिका. प्रत्यक्षात ३,६०,००० सेकंद गेले. संगणकाच्या मते ३,५९,९९९.६५६७. फरक ०.३४३३ सेकंद. गेट ६८७ मीटर सरकला.

रडार आकाश चाळताना स्कड पाहते. संगणक पुढची जागा काढतो. रडार त्या जागी पाहते. तिथे काही नाही. खूण टाकून दिली जाते.

स्कड बराकीवर कोसळतो. १४व्या डिटॅचमेंटच्या ६९ जणांपैकी १३ ठार, ४३ जखमी. उरलेले मृत इतर तुकड्यांतले.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

सुधारित सॉफ्टवेअर धाहरानला पोहोचते.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

युद्धविराम.

४ फेब्रुवारी १९९२

जनरल अकाउंटिंग ऑफिसचा अहवाल येतो. वर दिलेला तासांचा, सेकंदांचा आणि मीटरचा तक्ता त्याच्या परिशिष्टात आहे. शून्य ते शंभर तास, सात ओळी. अशा सात ओळी फेब्रुवारी १९९१ मध्ये कोणी मांडल्या असत्या, तर ‘फार जास्त वेळ’ हे शब्द लिहायची वेळच आली नसती.

जुलै १९९२

रॉबर्ट स्कील हे गणितज्ञ ‘सियाम न्यूज’ या गणिताच्या वार्तापत्रात एक लहानसा लेख लिहितात. आजही बहुतेक ठिकाणी ही घटना ‘०.१ दोनच्या पद्धतीत लिहिता येत नाही म्हणून २८ माणसे मेली’ अशा एका वाक्यात सांगितली जाते. स्कील यांनी दाखवले, की एवढ्याने भागत नाही.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या वेळा एकाच कापलेल्या ०.१ ने काढल्या जात. प्रत्येक वेळ थोडी मागे असे, पण सगळ्या सारख्याच मागे. स्कडची पुढची जागा काढायला लागते ती दोन वेळांमधली वजाबाकी. दोन्ही वेळा ०.३४ सेकंद मागे असतील तर वजाबाकीत ते ०.३४ निघून जातात. शंभर तासांनीही उत्तर जवळजवळ बरोबर आले असते.

मग स्कडसारख्या वेगवान लक्ष्यांसाठी सॉफ्टवेअर सुधारले गेले. घड्याळाची वेळ अधिक अचूकपणे बदलून देणारा नवा भाग प्रोग्रॅममध्ये आला. तो सुमारे अर्धा डझन ठिकाणी बसवायला हवा होता. काही ठिकाणी बसवला, काही ठिकाणी राहिला. आता रडारच्या एका झटक्याची वेळ नव्या, अचूक पद्धतीने निघत होती आणि दुसऱ्या झटक्याची जुन्या, कापलेल्या पद्धतीने. एकातून दुसरी वजा केली, की शंभर तासांचा सगळा साचलेला फरक उत्तरात उतरत होता.

त्या संगणकात एकाच क्षणाच्या दोन वेळा होत्या. त्या एकमेकींच्या बरोबर आहेत का, असे त्याला विचारले असते तर, पायथनने ०.३ बद्दल दिले तेच उत्तर आले असते: नाही. कोणी विचारले नाही. सगळ्यांनी धरले, की एकाच घड्याळातून निघालेल्या दोन वेळा सारख्याच असणार. माझ्या मते धाहरानचा दोष इथे आहे. अर्धवट राहिलेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा घातक ठरली.

हे बीडमध्ये कशासाठी सांगायचे, तर आपल्या जिल्ह्याचे बरेच काही एकेका उंबरठ्यावर ठरते म्हणून. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी, नाही तर नाही. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली तर टंचाईच्या सवलतींचा विचार, वर राहिली तर नाही. आष्टी-पाटोद्याकडे गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला मूळ दर, त्याखाली प्रत्येक ०.१ ला कपात. पीक विम्यात कंपनीने हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत भरपाई द्यायची आणि ८० टक्क्यांखाली राहिली तर जास्तीची रक्कम सरकारला परत करायची, ही मर्यादा तर ‘बीड पॅटर्न’ या नावानेच देशाला माहीत झाली.

योगायोग असा, की ३.५ आणि ८.५ हे आकडे संगणक तंतोतंत लिहू शकतो. रुपयाची अधेली, म्हणजे ०.५०, तीही. जुन्या आणेवारीतले आठ आणे त्याच्या सोयीचे. पण ३.४ नाही, ०.४९ नाही, ०.१ नाही. पावसाच्या ०.१ मिलिमीटरच्या नोंदी मिळवत ६५ पर्यंत नेलेली बेरीज नेमकी ६५ वर टेकेलच असे नाही. केसाएवढी खाली राहिली किंवा केसाएवढी वर गेली, तर ‘६५ पेक्षा जास्त आहे का’ या प्रश्नाचे उत्तर बदलते. शेतकऱ्याच्या हाती फक्त ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढेच येते.

म्हणून बीडमध्ये, अंबाजोगाईत, परळीत, किंवा पुण्याला जाऊन प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. पैसे रुपयांत ठेवू नका, पूर्ण पैशांत ठेवा. पाऊस मिलिमीटरच्या दशांशात, पूर्णांक म्हणून ठेवा, फॅटही तसेच. पॅट्रियटचे घड्याळ पूर्णांकात होते तोवर एकदाही चुकले नव्हते. अपूर्णांक टाळता येत नसेल तर दोन संख्या ‘बरोबर’ आहेत का असे विचारू नका. फरक किती चालेल ते आधी ठरवा, तो फरक शेतकऱ्याच्या बाजूने झुकेल की विरुद्ध हेही ठरवा, आणि दोन्ही गोष्टी लिहून ठेवा. एखादा हिशेब सुधाराल तेव्हा तो प्रोग्रॅममध्ये आणखी कुठे कुठे होतो ते शोधल्याशिवाय थांबू नका.

आणि दुसऱ्याला इशारा देण्याची वेळ आली, तर ‘फार जास्त’ असे लिहून पाठवू नका. किती तास, किती मिलिमीटर, किती पैसे, तो आकडा लिहा. धाहरानसाठी तो २० होता.